‘कायमचे आत ठेवा, तेच स्वस्त’ : एका व्हायरल हिशेबाची तपासणी

गेल्या महिन्याभरात एकच मराठी संदेश माझ्याकडे चार वेगवेगळ्या गटांमधून आला. पहिल्यांदा तो इथल्या, म्हणजे मिनेसोटातल्या, मराठी मंडळींच्या गटात दिसला. आठवड्याभराने नाशिकच्या काकांनी तोच पुढे ढकलला आणि खाली विचारले, ‘तू तिकडेच राहतोस, खरे आहे का हे?’ संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : ‘अमेरिकेत सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांवर देखरेख ठेवण्यासाठी आणि त्यांच्या पुनर्वसनासाठी करदात्यांचे कोट्यवधी डॉलर उधळले जातात. यांतले ८० टक्के लोक पुन्हा तेच करतात. त्यापेक्षा त्यांना कायमचे आत ठेवणे स्वस्त पडेल. ते जमत नसेल तर नावांची यादी जाहीर करावी, त्याला काहीच खर्च नाही. उपचार आणि समुपदेशन हे सगळे लाड आहेत, आणि हा पैसा खरे तर पीडितांचा आहे. भारताने यातून धडा घ्यावा.’

काकांना दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही. शिवाय मी या विषयात अगदी तटस्थ नाही हेही आधीच सांगायला हवे, कारण सुटून आलेल्या अशा माणसांसाठी इथे चालणाऱ्या एका उपक्रमात मी स्वयंसेवक आहे. त्याबद्दल पुढे लिहीनच. म्हणून शक्य तिथे माझ्या मतापेक्षा सरकारी लेखापरीक्षकांचे आणि संशोधकांचे आकडे पुढे ठेवतो.

सुरुवात ८० टक्क्यांपासून करतो, कारण संदेशातला बाकीचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे. या आकड्याचा माग काढता येतो. २००२ साली मॅक्यून विरुद्ध लाइल या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी असे नमूद केले, की उपचार न घेतलेले लैंगिक गुन्हेगार पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज आहे, आणि हा धोका भयावह आहे. पुढच्याच वर्षी लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीचा अलास्काचा कायदा वैध ठरवताना त्याच न्यायालयाने ते शब्द पुन्हा वापरले, आणि तिथून ते खालच्या न्यायालयांच्या निकालांत आणि विधिमंडळांतल्या भाषणांत पसरले. २०१५ साली दोन अभ्यासकांनी हा धागा उलट दिशेने पकडला, तेव्हा तो एका सरकारी पुस्तिकेतून १९८६ साली एका लोकप्रिय मानसशास्त्रीय मासिकात आलेल्या लेखापर्यंत पोहोचला. तो लेख ओरेगॉनमधल्या एका तुरुंगात उपचाराचा कार्यक्रम चालवणाऱ्या समुपदेशकाचा होता, आणि त्यात हा आकडा एका वाक्यात, कोणत्याही पुराव्याशिवाय, ठेवून दिलेला होता.

मोजलेले आकडे वेगळे आहेत. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या सांख्यिकी कार्यालयाने ३० राज्यांतून २००५ साली सुटलेल्या कैद्यांचा नऊ वर्षे मागोवा घेतला आणि २०१९ साली अहवाल दिला. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचारासाठी शिक्षा भोगून आलेल्यांपैकी ७.७ टक्के लोकांना त्याच प्रकारच्या गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झाली होती. कोणत्याही कारणाने, म्हणजे चोरीपासून सुटकेच्या अटी मोडण्यापर्यंत, पुन्हा अटक झालेल्यांचे प्रमाण मात्र सुमारे ६७ टक्के होते. बऱ्याचदा हे दोन आकडे एकमेकांत मिसळले जातात आणि वाचणाऱ्याला वाटते की पुन्हा अटक म्हणजे पुन्हा बलात्कारच. यावर एक आक्षेप योग्य आहे : असे अनेक गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे खरे प्रमाण ७.७ टक्क्यांपेक्षा जास्तच असणार. तो मला मान्य आहे. पण न पोहोचलेल्या गुन्ह्यांची भर घालून ८० वर जाण्यासाठी जे अनुमान करावे लागते, त्याला आधार कोणीच दिलेला नाही.

खर्चाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब अशी, की हा धोका सगळ्यांच्या बाबतीत सारखा नसतो आणि कायम तेवढाच राहतही नाही. कॅनडातील संशोधक कार्ल हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की ज्यांचा धोका सर्वांत जास्त मानला जातो अशा गटातही सुटकेनंतरच्या पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्के असते, आणि त्याच गटातला माणूस बाहेर राहून दहा वर्षे गुन्ह्याशिवाय काढू शकला तर पुढच्या पाच वर्षांसाठी ते सुमारे ४ टक्क्यांवर येते. पंधरा वर्षे सरळ वागलेल्या माणसावर आणि काल सुटलेल्या माणसावर सारखाच पैसा खर्च करणारी व्यवस्था उधळपट्टी करते, हे मी संदेशकर्त्याच्या बरोबरीने म्हणायला तयार आहे. त्याची आणि माझी फारकत पुढच्या मुद्द्यावर होते.

‘कायमचे आत ठेवणे स्वस्त पडेल.’ हे वाक्य वाचून मला हसू आले, कारण मी ज्या राज्यात राहतो त्या राज्याने हा प्रयोग खरोखर केला आहे आणि त्याचे बिलही उपलब्ध आहे.

आधी एक शब्द स्पष्ट करतो. आपल्याकडे पॅरोल म्हटले की अभिवचन रजा डोळ्यांसमोर येते : कैदी काही दिवस घरी जातो आणि परत तुरुंगात येतो. मिनेसोटात साधारणपणे शिक्षेचा दोन तृतीयांश भाग तुरुंगात आणि एक तृतीयांश बाहेर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काढायचा असतो. लैंगिक गुन्ह्यांत याशिवाय दहा वर्षांची सशर्त सुटका असते, आणि गुन्हा पुन्हा केलेला असेल तर ती आयुष्यभराची असते. अधिकारी रात्री-अपरात्री दारात येतो, फोन तपासतो, नोकरीच्या जागी चौकशी करतो. हीच ती देखरेख, जिच्यावर पैसे उधळले जातात असे संदेश म्हणतो.

याच्या पलीकडे मिनेसोटात १९९४ च्या कायद्याने आणखी एक मार्ग तयार झाला. शिक्षा पूर्ण झाली तरी माणूस धोकादायक वाटत असेल, तर न्यायालय त्याला दिवाणी आदेशाने बेमुदत स्थानबद्ध करू शकते. त्यासाठी मूस लेक आणि सेंट पीटर या गावी काटेरी तारांच्या आतली केंद्रे आहेत. २००३ साली शेजारच्या नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्समधून एका विद्यार्थिनीचे अपहरण झाले आणि तिचा खून झाला. आरोपी त्याच वर्षी मे महिन्यात मिनेसोटाच्या तुरुंगातून सुटलेला होता. सारे राज्य हादरले, स्थानबद्धतेसाठी धडाधड प्रस्ताव जाऊ लागले आणि २०११ पर्यंत या केंद्रांतल्या लोकांची संख्या ६०० च्या वर गेली. तिथे गेलेला माणूस परत येत नव्हता : १९९४ पासून २०११ पर्यंत एकाचीही पूर्ण मुक्तता झाली नव्हती. म्हणजे संदेशातले ‘कायमचे आत’ इथे अक्षरशः अमलात आले.

आता बिल. राज्याच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षकांनी मार्च २०११ मध्ये अहवाल दिला. एका माणसामागे वर्षाला १,२०,००० डॉलर. हा खर्च त्याच राज्याच्या तुरुंगात कैदी ठेवण्याच्या खर्चाच्या किमान तिप्पट होता. दिवसाला हिशेब केला तर साधारण ३२९ डॉलर पडतात. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. कॅलिफोर्नियात अतिधोकादायक मानलेल्या सुटलेल्यांवर पायाला जीपीएस पट्टा बांधून जी देखरेख ठेवली जाते, तिचा खर्च २०१२ सालच्या संघीय अभ्यासात दिवसाला ३५.९६ डॉलर निघाला, आणि पट्ट्याशिवायच्या साध्या देखरेखीचा २७.४५. राज्ये वेगळी आणि वर्षेही वेगळी, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरीही एकाला एक दिवस मूस लेकमध्ये ठेवण्याच्या पैशात नऊ जणांवर चोवीस तास जीपीएसची पाळत ठेवता येते, हा फरक एवढा मोठा आहे की थोड्याफार चुकीने तो पुसला जाणार नाही.

‘मग तिथे उपचार बंद करा, नुसते कुलूप लावा,’ असे काकांनी पुढे लिहिले. ते करता येत नाही. १९९७ साली कॅन्सस विरुद्ध हेंड्रिक्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी स्थानबद्धता मान्य केली ती याच आधारावर, की ही शिक्षा नसून लोकांचे रक्षण आणि उपचार यांसाठीची दिवाणी व्यवस्था आहे. उपचार काढून घेतले तर ती एकाच गुन्ह्याची दुसरी शिक्षा ठरण्याचा आणि कायदाच कोसळण्याचा धोका असतो. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ, परिचारिका, पहारेकरी, वकील आणि वय वाढत जाईल तसे औषधपाणी, असा सगळा भार एकाच ताळेबंदात येतो. खटल्यांचा खर्च वेगळाच. २०१५ साली संघीय न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी मिनेसोटाची ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, आणि २०१७ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेवढ्या वर्षांत दोन्ही बाजूंच्या वकिलांनी किती तास लावले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

ग्रँड फोर्क्सच्या प्रकरणातली एक गोष्ट अशा संदेशांत कधीच येत नाही. तो आरोपी २३ वर्षांची शिक्षा पुरती भोगून बाहेर आला होता, आणि पूर्ण शिक्षा भोगल्यामुळेच त्याच्यावर कोणाची देखरेख उरली नव्हती. देखरेखीवरचा खर्च वाया जातो हे सिद्ध करण्यासाठी ज्या प्रकरणाकडे बोट दाखवले जाते, त्या प्रकरणात देखरेख मुळात नव्हतीच.

पुढचा मुद्दा यादीचा. यादी फुकट असते हे खरे नाही. न्यू जर्सी हे नावे जाहीर करण्याच्या कायद्याचे माहेरघर, आणि तिथल्याच संशोधकांनी २००८ साली या कायद्याचा हिशेब मांडला. ज्या जिल्ह्यांनी माहिती दिली त्यांचा सुरुवातीचा खर्च साडेपाच लाख डॉलरच्या घरात होता, आणि २००७ पर्यंत वर्षाचा खर्च ३९ लाख डॉलरपर्यंत पोहोचला होता. यादीत नावे वाढत जातात, कमी फारशी होत नाहीत. प्रत्येकाचा पत्ता, गाडी आणि नोकरी ताजी ठेवायला पोलीस लागतात. इतके करून पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणावर कायद्याचा परिणाम त्यांना आढळला नाही.

याचे कारण फार गूढ नाही. न्यूयॉर्कमधल्या २००८ च्याच एका अभ्यासात लैंगिक गुन्ह्यांसाठी अटक झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोकांवर आधी अशा गुन्ह्याचा ठपका नव्हता, म्हणजे ते कोणत्याही यादीत असू शकत नव्हते. मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने २००७ साली आणखी बारकाईने पाहिले. सुटून पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी तुरुंगात आलेल्यांची २२४ प्रकरणे त्यांनी एकेक करून तपासली आणि प्रश्न विचारला : शाळा किंवा बागेजवळ राहण्यास बंदी असती, तर यातला कोणता गुन्हा टळला असता? उत्तर आले, एकही नाही. बळी पडलेल्यांपर्यंत हे लोक पोहोचले होते ते बहुधा ओळखीतून, जवळिकीतून, मैत्रिणीच्या घरातून. आपल्याकडचा अनुभव निराळा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या सुमारे ९५ टक्के प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, आणि अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण फारसे हललेले नाही. चौकात लावलेले छायाचित्र घरातल्या काकापासून, शेजाऱ्यापासून किंवा शिकवणीच्या मास्तरापासून कोणाला वाचवत नाही.

तरीही यादी जाळून टाका असे मी म्हणणार नाही. मिनेसोटात सुटणाऱ्यांचे धोक्यानुसार तीन स्तर केले जातात आणि फक्त तिसऱ्या स्तरासाठी गावकऱ्यांची सभा बोलावली जाते. मी अशा एका सभेला गेलो होतो. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर छायाचित्र, पहिल्या रांगेत बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई. पोलीस अधिकाऱ्याने तासाभरातला बराच वेळ त्या माणसाबद्दल न बोलता, मुलांशी घरात याविषयी कसे बोलावे हे सांगण्यात घालवला. पोलिसांना यादी लागते, तपासात तिचा उपयोग होतो. ती स्वस्त आहे आणि तेवढ्यावर काम भागते, हा समज तेवढा सोडून द्यायला हवा.

आता ‘लाड’. हा शब्द मला व्यक्तिशः लागला, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१९९४ साली कॅनडात, ऑन्टारिओतल्या हॅमिल्टन शहरात, मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस शिक्षा पुरी करून बाहेर आला. त्याच्यावर देखरेख ठेवायचा अधिकार कोणालाच नव्हता आणि शहर भीतीने पेटले होते. एका मेनोनाइट धर्मोपदेशकाने आपल्या चर्चमधली काही माणसे गोळा केली. त्यांनी त्या माणसाभोवती वर्तुळ केले : रोज कोणीतरी भेटायचे, मदत करायची आणि जाबही विचारायचा. पुढे मरेपर्यंत त्या माणसाने पुन्हा गुन्हा केला नाही. त्यातून जो उपक्रम उभा राहिला त्याला आधार आणि जबाबदारी यांचे वर्तुळ म्हणता येईल. मिनेसोटाने तो २००८ मध्ये सुरू केला.

आमचे वर्तुळ मंगळवारी संध्याकाळी बसते. चार स्वयंसेवक आणि मध्यवर्ती सदस्य, म्हणजे सुटून आलेला माणूस. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. तो साठीकडे झुकलेला आहे आणि गोदामात रात्रपाळी करतो. येताना एक वही आणतो, तिच्यात आठवड्यातला प्रत्येक दिवस लिहिलेला असतो. एका मंगळवारी आमच्यातल्या निवृत्त शिक्षिकेने वही वाचता वाचता विचारले, ‘गुरुवारी बस बदललीस, का?’ तो म्हणाला, नेहमीची बस चुकली. तिने फोनवर वेळापत्रक काढले आणि म्हणाली, ‘दुसरी बस शाळा सुटताना त्या थांब्यावर येते.’ खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, ‘पुढच्या वेळी चालत जाईन, आणि उद्या अधिकाऱ्याला मी स्वतः सांगेन.’ त्याने सांगितले की नाही, हे आम्ही दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याला फोन करून विचारले. त्याने सांगितले होते. ज्यांना हा लाड वाटतो त्यांनी स्वतःच्या आठवड्याची वही चार परक्या माणसांपुढे एकदा उघडून पाहावी.

या वर्तुळांचा परिणाम मिनेसोटाने चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने तपासला. इच्छुकांपैकी ५० जणांना वर्तुळ मिळाले, ५० जणांना नाही, आणि कोणाला मिळणार हे नशिबावर सोडले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचा धोका वर्तुळात असलेल्यांमध्ये ८८ टक्क्यांनी कमी होता, आणि खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३.७३ डॉलर वाचले. शंभर माणसे हा नमुना लहान आहे. त्यामुळे ८८ चा आकडा मोठ्या अभ्यासात खाली येईल असे मला वाटते. पण तो शून्यावर आला तरी या वर्तुळाचा खर्च मूस लेकच्या जवळपास फिरकत नाही, कारण मुख्य माणसे बिनपगारी आहेत.

सगळेच उपचार चालतात असे मात्र नाही, आणि हे लपवले तर माझे लिखाणही त्या संदेशाच्याच पंगतीला बसेल. इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी वर्षानुवर्षे एक गट-उपचार कार्यक्रम चालू होता. २०१७ साली त्यांच्याच न्याय मंत्रालयाने त्याचे मूल्यमापन केले, तेव्हा उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी आणि न घेतलेल्या तुलनीय गटातील ८ टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे आढळले. पैसा गेला आणि निकाल किंचित उलटा आला. त्यांनी तो कार्यक्रम बंद केला. याउलट मिनेसोटाच्या तुरुंगांतल्या उपचारांचा २००९ सालचा अभ्यास सांगतो, की तिथे उपचार घेतलेल्यांना लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक होण्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे कोणता उपचार, कोणावर, बाहेर आल्यावर त्याला कशाची जोड, हे मोजल्याशिवाय पैसा देऊ नये. संदेशकर्त्याने एवढीच मागणी केली असती तर मी खाली सही केली असती.

पीडितांच्या पैशाबद्दल थोडक्यात. मिनेसोटातला एखादा डॉलर वर्तुळावरून काढून घेतला तर तो आपोआप पीडितेच्या समुपदेशनाकडे जात नाही, आणि मूस लेकला गेलेले लाखभर डॉलर तर कधीच तिच्याकडे जात नाहीत. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून पीडितेला १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ते वेळेवर मिळावे यासाठी आवाज उठवायला देखरेखीचा खर्च बंद करावा लागत नाही. टळलेल्या प्रत्येक गुन्ह्यामागे एक पीडित कमी होते, हे तर हिशेबाच्या वहीत मांडताही येत नाही.

राहिला भारताने घ्यायचा धडा. काकांनी मला फोनवर विचारले, ‘बरं, मग आपल्याकडे किती खर्च होतो यावर?’ २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसाठा सुरू केला. तेव्हाच त्यात ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या, आणि तो फक्त पोलीस यंत्रणांना पाहता येतो. खटले लवकर निकाली निघावेत म्हणून जलदगती विशेष न्यायालयांसाठी मार्च २०२६ पर्यंत १,९५२ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, तीही योग्यच आहे. तुरुंगांचे म्हणाल तर २०२२ अखेर देशभरात ते १३१ टक्के भरलेले होते, आणि आतल्या दर चार माणसांतली तीन कच्चे कैदी होती. ‘कायमचे आत’ ठेवायला जागा हवी, ती कोणाला काढून करायची हे कोणी सांगत नाही. बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. पंचविशीत आत गेलेला कैदी पस्तिशीत बाहेर येतो.

आणि बाहेर आल्यावर? काकांना मी विचारले, नाशिक रोडच्या कारागृहातून असा माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटतो, त्या दिवशी दारात कोण उभे असते? ते म्हणाले, ‘घरचे असतील. नसतील तर कोणी नाही.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘म्हणजे आपला यावरचा खर्च शून्य.’ मी म्हटले, हो काका, ग्रँड फोर्क्सच्या त्या माणसावरही २००३ च्या मे महिन्यानंतर देखरेखीचा खर्च शून्यच होता.